सात नंबरची चड्डी

शके १८६०, आश्विन वद्य २. मुक्काम आष्टी.

वही नवी आहे, कारण जुनी खोड जात नाही. गेल्या महिन्यात तहसिलीतल्या पेशकारसाहेबांची शेरवानी बेतत होतो. पोटाशी आल्यावर टेप संपली. "साहेब, उरलेलं माप पुढच्या जुम्म्याला घेऊ," असं माझ्या तोंडून गेलं. शेरवानी गेली, पेशकार गेले, आणि त्यांच्यामागं कचेरीतली निम्मी गिऱ्हाइकं गेली. आमच्या निजाम सरकारात शिंप्यानं माप विचारावं, बोलू नये.

तेव्हा ठरवलं, की जीभ दिवसभर दाताखाली ठेवायची आणि दिवेलागणीच्या आधी इथं सोडायची. जागा भरवशाची आहे. घरात माणसं तीन. एक मी, सुंदरराव शिंपी, वय सेहेचाळीस, हात चांगला, तोंड वाईट. दुसरी आमची मंडळी, तिला अक्षर येत नाही. तिसरा तिचा धाकटा भाऊ शहादेव. त्याला अक्षर येतं, नगरला मामाकडं राहून सात यत्ता शिकलाय, पण वाचायला माणूस जागा लागतो. हा रेडा दुपारपर्यंत घोरतो आणि उठला की भाकरी मागतो. दुकानात मदतीला म्हणून आलाय. आजवर त्यानं माझ्या दुकानात एक बटणही लावलेलं नाही.

काल मात्र त्यानं नगरहून एक चीज आणली. तिथल्या छावणीत गोरे सोल्जर हातांना उशा बांधून एकमेकांची तोंडं फोडतात आणि त्याला खेळ म्हणतात. त्या खेळात घालायची चड्डी. छावणीच्या परटाकडं फाटून पडली होती, ती यानं मागून घेतली. पाय ढगळ, मांडीपर्यंत. आणि कमरेला नाडा नाही! नेफ्यात रबराची फीत. ओढली की लांबते, सोडली की जागेवर येते. मी संध्याकाळभर ओढत आणि सोडत बसलो होतो. मंडळी म्हणाली, "अवो, जेवायला या. ती काय पळून जात न्हाई."

आश्विन वद्य ५

चड्डीची शिवणनशिवण उसवली, तुकडे फळीवर मांडले आणि कागदावर उतरवले. आसनाला जागा भरपूर ठेवलीय. बेतणारा कोण असेल तो असो, पुरुषाच्या अडचणी त्याला ठाऊक होत्या. आपल्याकडं माणूस जन्मभर लंगोट आवळतो आणि तो सुटेल म्हणून भितो, नाहीतर नाड्याची गाठ बसते आणि ती सुटत नाही म्हणून भितो. या चड्डीत दोन्ही भीती गेल्या.

निळ्या रेघांचं पांढरं कापड होतं, त्यातून एक शिवली आणि धोतराखाली स्वतःच घातली. दिवसभर बसलो, उठलो, मशीन चालवली, तरी काही म्हणून जाणवलं नाही. पायाला वारा लागतो. या वयात असा आनंद होणं बरं नव्हे. धोतर सोडून मंडळींना दाखवली. ती तोंडाला पदर लावून हसली. "पिशवीत कोंबडा घातल्यावानी दिसतंय," म्हणाली. तिला कौतुक करता येत नाही, हा तिच्या माहेरचा दोष.

अडचण फितीची. ती फक्त नगरला मिळते आणि सरहद्दीच्या करोडगिरी नाक्यावर प्रत्येक वस्तूवर जकात आहे. शहादेव म्हणाला, "दाजी, म्या पोटाला गुंडाळून आणतो." त्याचं पोट पाहता गावाला पुरेल इतकी फीत येईल. पहिल्यांदाच कामाला आला.

आश्विन वद्य ११

एका ताग्यात चोवीस बसल्या, त्या सगळ्या गेल्या. शाळेचे बबनराव मास्तर, तालमीतले दोघे, किराणेवाले, पोलिसातला हरिबा जवानसुद्धा. सुग्रीव पाटलाच्या वाड्यात चौघे भाऊ, चौघांनी घेतल्या. या चड्डीला मापच लागत नाही. सगळ्या एक, रबर ज्याच्या त्याच्या कमरेशी जुळवून घेतं. माप न घेता गिऱ्हाईक करणारा मी या मुलखातला पहिलाच.

पण माप नाही तिथं ओळख नाही. चौथ्या दिवशी पाटलाच्या घरी थोरल्यानं धाकट्याची घातली आणि त्यावरून सकाळी सकाळी भांडण. पाटील दुकानात आला आणि म्हणाला, "सुंदरराव, चार भावांत येक चूल चालंल, चड्डी न्हाई चालायची." म्हणून सगळ्या परत मागवल्या आणि नेफ्याच्या आत लाल दोऱ्यानं आकडे काढले, एक ते चोवीस. पहिला मी. सात शहादेव. पाटलाचे नऊ ते बारा. हरिबा पंधरा. कुणाचा कुठला ते विसरू नये म्हणून या वहीच्या शेवटच्या पानावर यादी केली आहे, नाव आणि आकडा.

बायका नदीवर एकत्र धुतात. धुऊन आलेल्या चड्ड्या मंडळी ज्याच्या त्याच्या घरी बरोबर देऊन येते, मला विचारावं लागत नाही. गाईला दावणीतली आपली जागा कळते, तसं असावं.

कार्तिक शुद्ध २. भाऊबीज.

शहादेवला ओवाळलं. तबकात त्यानं काय घातलं ते पाहिलं नाही. घडी केलेला कागद होता, तो मंडळींनी लगेच कमरेला खोचला.

बबनराव मास्तर दुकानात आले होते. बटण लावायला दिलं आणि हळूच म्हणाले की हैदराबादेत लोक कायदा मोडून स्वतःला धरून देतायत, पलीकडच्या इंग्रजी मुलखातून तुकड्या येणार आहेत, इकडं छापील पत्रकं वाटली जातायत. ज्याच्याकडं सापडलं तो गेला. मी बटण लावलं आणि म्हणालो, "मास्तर, मी कमरेच्या खालचं बघतो, वरचं तुम्ही बघा." ते हसले नाहीत.

मला या भानगडीत पडायचं नाही. भिऊन राहावं आणि आपल्या मरणानं मरावं, एवढी माझी इच्छा आहे. नवा अमीन, म्हणजे फौजदार, आलाय ठाण्याला. हरिबा सांगत होता, माणूस मोठ्यानं बोलत नाही. असल्या माणसाची मला जास्त भीती वाटते.

फितीचं बंडल नगरच्या वर्तमानपत्रात बांधून येतं. तो कागद मंडळी नीट सारखा करून ठेवते, भाकरी ठेवायला म्हणून. आज चुलीपाशी तो हातात धरून बराच वेळ बसली होती. चित्रं बघत असावी. चित्र एकच होतं, केसाच्या तेलाचं.

आणखी एक. शहादेव उद्या फितीसाठी जाणार, त्याच्या शिदोरीत भाकरी मोजल्या, अठरा. मी म्हणालो, एका माणसाला? तर म्हणे, वाटेत भूक लागते. रेडाच तो, म्हणून सोडून दिलं.

कार्तिक शुद्ध ५

शहादेव सकाळी आला तो लंगडत. पिंढऱ्या ओरबाडलेल्या, तळपायात काटे. फड्या निवडुंगात पडलो म्हणाला. मी सुईनं काटे काढले. वीसाच्या पुढं मोजणं सोडलं. एरवी सुई पाहून कोकलणारा हा, आज हूं की चूं नाही. फीत आणली नव्हती. दुकान बंद होतं म्हणे.

मंडळी हळद गरम करता करता आपण होऊन म्हणाली, "याची चड्डी गेली दोरीवरून. कुनीतरी चोरली." कुणी विचारलं नव्हतं.

कार्तिक शुद्ध ६

दुकान लवकर बंद केलंय, कडी लावून लिहितो.

हरिबा दुपारी बंडी दुरुस्तीला घेऊन आला. बंडी धड होती. दार ओढून घेतलं आणि सांगितलं. परवा पहाटे सरहद्दीच्या नाक्यावर जवानांनी एका माणसाला हटकलं. तो ज्वारीतून पळाला, पळताना गाठोडं टाकलं. गाठोड्यात पत्रकं, शे-दोनशे. आणि ती गुंडाळली होती कशात? निळ्या रेघांच्या चड्डीत. आत लाल दोऱ्यानं सात.

"अमीनसाहेब म्हनतो, ह्यो फौजेचा नंबर हाय. म्हंजी येकापासून पुढं मानसं असनार. सगळ्यास्नी येकच कपडा, म्हंजी वर्दी. लई मोठी टोळी हाय म्हनतो."

मी म्हणालो, "हरिबा, तुझीही वर्दीच की मग. तू पंधरा." गंमत करायला गेलो आणि आवाज निघाला तो कोंबडीसारखा. हरिबाच्या कपाळाला घाम आला. तो म्हणाला, "म्हनून तर आलो बे." मला कुणी बे म्हटलेलं वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. उलट बरं वाटलं. भिणारा मी एकटाच नव्हतो.

शिंप्यानं भाऊभाऊ भांडू नयेत म्हणून आकडे काढले आणि त्याची फौज झाली. दुसऱ्या कुणावर ही वेळ आली असती तर मी आठवडाभर हसलो असतो.

कार्तिक शुद्ध ७

बोलावणं आलं. सकाळी गेलो, दुपार उलटल्यावर आलो.

अमीनसाहेब खुर्चीत बसले होते, पण नीट नाही. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर. त्यांच्या विजारीचं आसन चुकलेलं आहे. कुणीतरी हैदराबादेत कापड वाचवलंय, दोन पायांमधली मियानी अर्ध्या विताची ठेवलीय. असल्या विजारीत सहा घंटे बसणाऱ्याला जगाचा राग येणारच. मरणाच्या दारात मला हे दिसलं. मग त्यांनी टेबलावर चड्डी ठेवली आणि पुढं मला काही दिसेना.

"ये सिलाई किसकी है?"

"माझी, साहेब."

"ये सात नंबर किसका है?"

मागच्या खोलीत कुणीतरी होतं. ओरडत नव्हतं. ओरडून झाल्यावर माणूस जसा श्वास घेतो, तसा श्वास ऐकू येत होता, मोजून घेतल्यासारखा. मी तो ऐकत उभा राहिलो. मला शहादेवचं नाव आठवलं. जिभेच्या टोकाला आलं. आयुष्यभर जी जीभ आवरली नाही ती नेमकी तिथं टाळूला चिकटली, हे शौर्य नव्हे, कोरड होती. पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणालो, "घरी बघून सांगतो, साहेब."

त्यांनी एकूण किती शिवल्या ते विचारलं, मी चोवीस सांगितलं. मग हळू आवाजात सांगितलं की बाजारच्या दिवशी सकाळी चोवीसच्या चोवीस माणसं त्यांच्या चड्ड्यांसकट ठाण्याच्या अंगणात हवीत, आणि सोबत यादी. यादी नसेल तर मी स्वतः मागच्या खोलीत.

घरी आलो. मंडळींनी विचारलं, कावून बोलावलं होतं? सांगितलं. ती उठून भाकरी थापायला बसली. तव्यावर एक करपली. तिची भाकरी करपलेली मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिली.

कार्तिक शुद्ध ८

जेवण जात नाही. बाहेर बूट वाजले की मशीनचं चाक हातातून सुटतं. आज एका बंडीला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. गिऱ्हाईक आलं तेव्हा म्हणालो, नवी तऱ्हा आहे.

इथं खरं लिहायचं ठरलं आहे, तर लिहितो. मला मार सोसणार नाही. लहानपणी पंतोजींनी छडी उचलली की मी दुसऱ्यांची नावं सांगायचो, ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांचीही. तेव्हापासून मी धीट झालेलो नाही, फक्त जाड झालो आहे.

सातावर शहादेव आहे. पण शहादेवनं काही केलेलं नाही, ते अमीनसाहेबांना एका नजरेत कळेल. चड्डी चोरीला गेली, चोर पळाला. या रेड्याला पत्रक दिलं तर तो त्यावर भजी ठेवून खाईल. दोन दिवस ठेवतील, सोडून देतील. त्याचे पाय ओरबाडलेत ते निवडुंगानं. मी स्वतः काटे काढलेत.

काट्यांत दोन ज्वारीची धसकटं होती. निवडुंगात ज्वारी कुठली, ते मला ठाऊक नाही.

उद्या यादी फाडून घेईन आणि बाजारच्या दिवशी देऊन टाकीन. दुसरा रस्ता नाही. मंडळींना सांगण्याची हिंमत नाही, म्हणून इथं सांगतो. वही नेहमीच्या जागी, कापडाच्या फळीखाली.

कार्तिक शुद्ध ९

यादीचं पान नाही.

शेवटचं पान फाटलेलं आहे, कडेनं, नीट. उंदीर एवढा नीट खात नाही. मीच भीतीत फाडून कुठं ठेवलं असेल. खिसे, डबे, मशीनचा खण पाहिला. मंडळींना विचारलं तर म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं." खरं आहे. चुलीत राख जास्त होती, पण राखेत नावं वाचता येत नाहीत.

आता मी यादीवाचून जाणार. तोंडी सांगावं लागेल. पहिलंच नाव माझं आहे, निदान तेवढं पाठ आहे.

वर आणखी ताप म्हणजे मंडळींना आज धुण्याचं वेड लागलंय. सकाळी नदीवर, दुपारी पुन्हा नदीवर. पाटलाच्या घरची भिवराबाई, हरिबाची सारजाबाई, मास्तरांची ताराबाई, सगळ्या गाठोडी घेऊन हिच्यासोबत. एवढं काय धुतात? नवरे परवा मागच्या खोलीत जाणार आहेत, तर ते स्वच्छ जावेत म्हणून? माझी बारीक सुई सापडत नाही. लाल दोऱ्याची रिळं दोन होती, एकच आहे, तीही अर्धी. चोरी करणारानं मशीन सोडून दोरा न्यावा, यावरून गावाची हुशारी दिसते.

शहादेव सकाळपासून दिसला नाही. मंडळी म्हणाली, माहेरी पाठवलाय, आईला बरं नाही.

कार्तिक शुद्ध ११. बाजार.

जिवंत आहे. क्रमानं लिहितो.

अंगणात लिंबाखाली सगळे जमले होते. कुणी चड्डी हातात आणली होती, कुणी अंगात. पाटलाचे चौघे भाऊ खांद्याला खांदा लावून उभे होते, एरवी ते एका बांधावर उभे राहत नाहीत. बबनराव मास्तरांनी चड्डी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली आणि मग कागद राजकारणाचा आहे हे लक्षात येऊन तो गिळतात की काय असं तोंड केलं. ज्यांच्या अंगात होती त्यांना भिंतीआड जाऊन काढावी लागली. एवढे घाबरलेले पुरुष एका जागी मी फक्त लग्नातल्या नवरदेवांच्या रूपानं पाहिले होते, तेही एकेक करून.

अमीनसाहेब बाहेर आले. हातात ती चड्डी. बसले नाहीत. त्या विजारीत त्यांना बसण्यापेक्षा उभं राहणं परवडत असावं.

पहिली सुग्रीव पाटलाची. नेफा उलटा केला. आत लाल दोऱ्यानं सात.

साहेबांनी पाटलाकडं पाहिलं. पाटलानं माझ्याकडं पाहिलं. मी पाटलाला नऊ घातला होता, माझ्या हातानं. दुसऱ्या भावाची पाहिली. सात. तिसऱ्याची सात. मास्तरांची सात. तालमीतल्यांच्या सात. मला वाटलं, भीतीनं मला सगळीकडं सातच दिसतोय. मग माझी स्वतःची आली. मी पहिला. आतून सात.

आणि मग मला टाका दिसला. मी दोरा संपवताना आत वळवतो, गाठ मारत नाही. या प्रत्येक साताच्या शेपटाला बारीक गाठ होती. ही गाठ मी सव्वीस वर्षं माझ्या बंडीच्या काजाला पाहतोय आणि सव्वीस वर्षं तिला नावं ठेवतोय. बाहेर आलेल्या बावीसही सातांना गाठ. साहेबांच्या हातातल्या एकाला नाही. ती चड्डी आणि पाटलाची चड्डी साहेब शेजारीशेजारी धरून उभे होते, उन्हात, आतली बाजू वर करून.

"घर जाके देखा?" त्यांनी विचारलं.

"बघितलं, साहेब. सगळ्याच सात निघाल्या."

"क्यूं?"

इथं माझी जीभ सुटली. यापूर्वी ती जेव्हा जेव्हा सुटली तेव्हा माझं नुकसान झालं आहे, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. म्हणालो, सात हा माणसाचा नंबर नाही साहेब, दुकानाची खूण आहे. वेशीपासून माझं दुकान सातवं. माझ्या हातच्या प्रत्येक मालावर मी सात काढतो, नक्कल होऊ नये म्हणून. तुमच्या हातातली माझ्याच दोरीवरून चोरीला गेली, त्याला मी काय करू, आणि माणसांचे नंबरच नाहीत तर यादी कसली.

साहेब शांतपणे म्हणाले, "हरिबा. दुकानें गिन के आ."

हरिबा गेला. माझं दुकान वेशीपासून नववं आहे. बाजारातली पोरंसोरंही सांगतील. मी लिंबाच्या बुंध्याला पाठ लावली आणि मागच्या खोलीचं दार किती पावलांवर आहे ते मोजलं. अकरा. मला वाटलं की मी आता खरं सांगणार. वाटलं की शहादेव आता माहेरच्या गावाला पोचला असेल, मग सांगायला काय हरकत आहे. आणि मग वाटलं, त्या गाठी. सांगितलं तर त्या गाठींचं काय. कुणी कुणी मारल्यात ते विचारतील.

हरिबा परत आला. त्याची पंधरा नंबरची चड्डीही आता सात असणार आणि ती त्याच्या वर्दीखाली होती. ती त्याला कुणी काढायला लावली नव्हती. सलाम ठोकला.

"सातवं हाय साहेब. दोनदा मोजलं."

साहेबांनी दोन्ही चड्ड्या माझ्या हातात दिल्या आणि अगदी जवळ आले. अत्तराचा वास होता, आणि घामोळ्यावर लावायच्या पावडरीचा. हळू बोलले, मला एकट्याला ऐकू येईल असं, की आणखी एक सात सरहद्दीवर सापडला तर मी गिनती वेशीपासून नाही, तुझ्या घरापासून सुरू करीन. शेवटी हे म्हणाले, "दोरे की गाँठ अच्छी है. तेरी नहीं है."

दोन्ही चड्ड्या मी आतली बाजू आत करून घडी घातल्या.

सगळे जायला लागले तसं त्यांनी मला पुन्हा बोलावलं. साहेब भिंतीकडं बघत म्हणाले, "मेरे लिए दो सी देना. आसन ढीला रखना." मी मान हलवली. "और सुन. नंबर मत डालना."

कार्तिक शुद्ध १२

तुळशीचं लग्न. मी आजारी म्हणून निजून होतो. खरं म्हणजे काल सकाळची भीती आज अंगात उतरली.

संध्याकाळी मंडळी उसाची कांडी घेऊन जवळ बसली. म्हणाली, शहादेव माहेरी गेलेला नाही. पलीकडं गेलाय, तिथून तुकडीसोबत उतरणार आणि धरून देणार स्वतःला. आईला बरंच आहे. पत्रकं वाहणाऱ्या सहा माणसांच्या भाकरी ती तीन महिने थापत होती.

मी म्हणालो, मला कावून सांगितलं नाहीस?

"तुमी कुनाला सांगितलं नसतं," ती म्हणाली. "पर तुमी घाबरला असता. घाबरलं की तुमाला जेवन जात न्हाई."

मग ती उठता उठता म्हणाली, दारातून, पाठमोरी, "आनि माज्या भावाला रेडा म्हनत जाऊ नका. त्यो दुपारपतूर झोपायचा, कारन रातभर चालायचा."

मी शहादेवला तोंडावर कधी रेडा म्हटलेलं नाही. हिच्यासमोर तर नाहीच. कुणासमोरच नाही.

कार्तिक पौर्णिमा

दोन दिवस वही उघडली नाही. फळीखालून काढली तेव्हा ती ठेवल्यापेक्षा नीट ठेवलेली होती.

अमीनसाहेबांच्या दोन झाल्या. हरिबा घेऊन गेला. आज सकाळी फळीवर नवा तागा आला आहे, निळ्या रेघांचाच, आणि फितीचं बंडल. कुणी आणला ते विचारलं नाही. बारा बेतल्या. कात्री दोनदा वाकडी गेली. बाहेर बूट वाजतात तेव्हा अजूनही मशीनचा पायाखालचा पाट थांबतो, थांबतो आणि मग चालतो.

लग्नात उखाण्यात घेतलं त्यानंतर मी हे नाव घेतलेलं नाही, लिहिलेलं तर कधीच नाही. लिहितो.

मंजुळा, लाल दोरा संपत आलाय, बाजारातून दोन रिळं आण. आकडे घालू नयेत असं मला वाटतं. तुला वाटत असेल तर सांग, तोंडानं सांग. शेवटाला गाठ तूच मार, माझा हात स्थिर नाही. आश्विन वद्य २ च्या पानावर, वद्य ५ ला कौतुकाबद्दल, वद्य ११ ला गाईबद्दल, भाऊबीजेला आणि शुद्ध ८ ला जे जे लिहिलं आहे ते खोडायला बसलो होतो. खोडलं तर तू पुन्हा वाचशील म्हणून तसंच ठेवलं. शहादेवला थंडी लागेल, त्याच्यासाठी एक जाड कापडाची वेगळी केली आहे, ती सर्वांत खाली आहे.

वाचून झालं की हे पान फाड.